उच्चशिक्षण सगळ्यांच्या आवाक्यात आलं की देशात नवे शोध वाढतात का? बडोदेकर पालक-विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

आधी थेट उत्तर द्या. वाढतात की नाही?

वाढतात, पण आपोआप नाही आणि लगेच तर नाहीच. जास्त मुलं कॉलेजात गेली की शोध लावू शकणाऱ्यांची संख्या वाढते. प्रत्यक्ष शोध लागायला आणखी तीन गोष्टी लागतात: हातानं काम करायला प्रयोगशाळा, शिकलेल्या माणसाला कामाला लावणारा कारखाना किंवा संस्था, आणि पहिली काही वर्षं पैसा अडकवून ठेवायची कुणाची तरी तयारी. यातली एक जरी नसली तरी पदव्या वाढतात आणि शोध तिथल्या तिथे राहतात. आपल्या शहराच्या इतिहासात या सगळ्या गोष्टी जुळलेल्या दिसतात आणि एकदा तुटलेल्याही दिसतात. दोन्ही पुढे येतीलच.

श्रीमंत देशांना विद्यापीठं परवडतात म्हणून ती जास्त असतात. मग शिक्षणामुळे प्रगती झाली असं कशावरून म्हणायचं?

शंका रास्त आहे. नुसती विद्यापीठं आणि पेटंटं मोजून हा प्रश्न सुटत नाही. म्हणून अभ्यासक असे प्रसंग शोधतात, जिथे शिक्षणाची संधी विद्यार्थ्याच्या हुशारीशी संबंध नसलेल्या कारणानं बदलली.

फिनलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर राजधानीपासून दूरच्या गावांत नवी तंत्रविद्यापीठं निघाली. एखादा मुलगा कुठल्या गावात जन्मला हे त्याच्या हातात नसतं, पण विद्यापीठ घराजवळ आलं म्हणून तो इंजिनिअर झाला, असं घडू शकतं. तोइव्हानेन आणि व्हॅनॅनेन या संशोधकांनी हे अंतर धरून हिशोब मांडला. अभियांत्रिकी शिक्षणानं पेटंट घेण्याची शक्यता खरोखर वाढते, असं त्यांना आढळलं.

इटलीचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तिथे १९६१ साली औद्योगिक तंत्रशाळांतल्या मुलांना विद्यापीठातल्या विज्ञान-अभियांत्रिकी शाखा खुल्या झाल्या. बियान्की आणि जॉर्चेल्ली यांच्या अभ्यासात या मुलांच्या शोधांची दिशा बदललेली दिसली, आणि त्यांच्यातले काही कंपन्यांत वरच्या जागी जाऊन संशोधनात जास्त गुंतले. मात्र सगळ्यात हुशार मुलांपैकी काहींनी तीच पदवी वापरून अशा नोकऱ्या धरल्या जिथे शोध लावायचं कामच नव्हतं. पदवी मिळाल्यावर माणूस कुठल्या खुर्चीत बसतो, यावर बरंच अवलंबून आहे.

तिसरा अभ्यास अमेरिकेतला. बेल, चेट्टी आणि सहकाऱ्यांनी लाखो मुलांच्या नोंदी पाहिल्या. सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांची मध्यम उत्पन्नाखालच्या घरांतल्या मुलांपेक्षा शोधक होण्याची शक्यता सुमारे १० पट होती. शाळेत गणितात सारखे गुण असलेल्या मुलांतही ही दरी पूर्ण बुजत नव्हती. लहानपणी आजूबाजूला शोधक पाहिलेले असणं, याचा परिणाम मोठा निघाला. गरीब घरात हुशारी कमी असते असं म्हणणाऱ्यांसमोर हा अभ्यास जरूर ठेवावा.

बडोद्याचं कलाभवन यात कुठे बसतं?

अगदी मधोमध. आज जे तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेचं आवार आहे, ते दांडिया बाजाराजवळचं कलाभवन १८९० साली तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी सुरू केलं. पहिले प्राचार्य रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर. रंगाई, विणकाम, रसायन, यंत्रकाम, चित्रकला, वास्तुकाम असे विषय, आणि शिकवणं मराठी-गुजरातीतून. इंग्रजी येत नाही म्हणून मुलगा दारातूनच परत जाऊ नये, हा त्यातला विचार होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे १९१३ साली त्यांनी भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट पडद्यावर आणला.

पण खरी साखळी रसायनात दिसते. गज्जरांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी गुरूंच्या साथीनं १९०७ साली अलेम्बिक काढली. तेव्हा औषधी अर्क आणि अल्कोहोल बाहेरून येत, ते इथे बनू लागले. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, बँक ऑफ बडोदा उभी राहिली. १९०६ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू झालं होतं (अमरेलीत त्याचा प्रयोग १८९३ पासून चालू होता) आणि १९१० साली सेंट्रल लायब्ररीची सुरुवात झाली.

या तारखा एकापुढे एक ठेवून पाहा. शाळा, कॉलेज, कार्यशाळा, कारखाना, बँक, ग्रंथालय. कलाभवन एकटं असतं तर त्यातून चांगले कारकून आणि ड्राफ्ट्समन बाहेर पडले असते. कॉलेज आणि कारखाना यांच्यात गेलेली १७ वर्षंही ध्यानात ठेवा. आज कॉलेज काढून ५ वर्षांत पेटंटांचा आकडा मागणाऱ्यांनी हा काळ लक्षात घ्यावा. बडोद्याचा औषधी उद्योग एका पिढीच्या शिक्षणावर उभा राहिला, असं आम्हाला वाटतं.

आज भारतात ४ कोटींहून जास्त मुलं उच्चशिक्षण घेतात. मग शोध कमी का?

२०२१-२२ च्या सरकारी पाहणीत ही संख्या ४.३३ कोटी होती. १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत प्रवेशाचं प्रमाण २८.४ टक्के, आणि मुलींचं मुलांच्या किंचित पुढे. राष्ट्रीय शिक्षण धोरणानं २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचं लक्ष्य ठेवलंय.

आता दुसरी बाजू. २०२०-२१ मध्ये संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीनचा सुमारे २.४ टक्के, दक्षिण कोरियाचा ५ टक्क्यांच्या जवळ. त्यातही आपल्या खर्चात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के, तर चीन-कोरियात तो तीन चतुर्थांशाच्या पुढे. सगळ्यात खुपणारा आकडा असा: आपल्या संशोधन-खर्चातले उच्चशिक्षण संस्थांच्या वाट्याला आले जवळपास ९ टक्के. म्हणजे ४ कोटी मुलं जिथे बसतात, तिथेच संशोधनाचा पैसा नाही. बहुतेक संशोधन सरकारी प्रयोगशाळांत चालतं, आणि त्या कॉलेजांपासून वेगळ्या. विद्यार्थी चार वर्षं शिकतो, पण संशोधन कसं चालतं हे त्याच्या नजरेला पडत नाही.

तरी सगळं वाईट नाही. जागतिक नवोपक्रम निर्देशांकात भारत २०१५ मध्ये ८१ व्या जागी होता, २०२४ मध्ये ३९ व्या. देशात दाखल होणाऱ्या पेटंट अर्जांपैकी निम्म्याहून जास्त आता भारतीयांचे असतात, आणि हे अलीकडच्या वर्षांतलंच आहे.

प्रवेश मिळाला म्हणजे संधी मिळाली ना?

नाही. आणि याचं सगळ्यात कडू उदाहरण आपल्याच शहरात आहे.

१९१३ साली बडोदे संस्थानानं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. परत येऊन संस्थानात नोकरी करायची असा करार होता. १९१७ साली ते बडोद्यात रुजू झाले. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीत शिपाई लांबून कागद टाकत. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही लोक काठ्या घेऊन हाकलायला आले. सयाजीबागेतलं संकल्पभूमी हे स्मारक त्या दिवसाची आठवण आहे. ते शहर सोडून गेले. पुढे रुपयाच्या प्रश्नावरचं त्यांचं काम, चलन आयोगापुढची साक्ष, संविधान, हे सगळं देशाला मिळालं. बडोद्याला मिळालं नाही.

राजानं पैसे दिले, विद्यापीठानं शिकवलं, समाजानं घर दिलं नाही. आजही वसतिगृहाची खोली, प्रयोगशाळेत बरोबरीची वागणूक, जात न विचारणारा घरमालक या गोष्टी शिष्यवृत्तीच्या रकमेइतक्याच मोलाच्या आहेत. शिकून तयार झालेला माणूस टिकला नाही तर आधीचा सगळा खर्च वाया जातो.

हुशार मुलं परदेशी जातात. मग त्यांना शिकवून देशाचा काय फायदा?

२००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल वाटून मिळालेले वेंकटरामन रामकृष्णन बडोद्यात वाढले. १९७१ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे बी.एस्सी. झाले, तेही राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्तीवर. वडिलांनी याच विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचा विभाग उभा केला होता. पीएच.डी. अमेरिकेत, रायबोसोमवरचं मोठं काम केम्ब्रिजमध्ये. इथे शिक्षण चांगलं होतं, पुढची प्रयोगशाळा तिथे होती, इतका हा सरळ मामला आहे. मुलांना अडवून काही साधत नाही. परतण्यासारखी प्रयोगशाळा आणि पगार इथे असेल तर बरेच जण येतात. चीननं हे जाणून-बुजून केलं.

डिप्लोमा किंवा आय.टी.आय. केलेल्यांचा शोधांशी काय संबंध?

पुष्कळ. मकरपुरा जी.आय.डी.सी. या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, पंप बनवणाऱ्या कारखान्यांत माल का नापास होतो हे सगळ्यात आधी वायंडिंगवरच्या माणसाला कळतं. गुंडाळीचा ताण कमी-जास्त झाला, इन्सुलेशन कागदात ओल राहिली, टाकीच्या वेल्डला केसाएवढी भेग राहिली, असल्या गोष्टी त्याच्या हाताला कळतात. त्यामागचं गणित त्याला शिकवलं तर सुधारणा तो स्वतः सुचवतो. इटलीत १९६१ साली दार उघडलं ते नेमकं याच मुलांसाठी.

आपल्याकडे हा रस्ता डी टू डी प्रवेशाचा: डिप्लोमानंतर थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला, ए.सी.पी.सी. या राज्याच्या प्रवेश समितीच्या प्रक्रियेतून. अडचण येते ती तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात, कारण डिप्लोमात कॅल्क्युलस उथळ शिकवलेलं असतं. प्रवेशाआधीच्या सुट्टीत इंटिग्रेशन, डिफरन्शिअल इक्वेशन आणि मॅट्रिक्स पक्के करा. बाकी विषयांत ही मुलं बारावीवाल्यांच्या पुढेच असतात.

मातृभाषेतून इंजिनिअरिंग शिकून पुढे अडत नाही का?

संकल्पना मातृभाषेत पक्क्या होतात, शोधनिबंध मात्र इंग्रजीत वाचावे लागतात. दोन्ही खरं आहे. २०२१ पासून ए.आय.सी.टी.ई. या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेनं भारतीय भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली आहे. पहिली दोन वर्षं मराठी-गुजरातीत शिका, पण पारिभाषिक शब्द इंग्रजीही शिकत जा आणि तिसऱ्या वर्षापासून महिन्याला निदान एक इंग्रजी शोधनिबंध पूर्ण वाचा.

पैशाची सोय कुठून करायची?

घरच्या उत्पन्नावर आणि टप्प्यावर अवलंबून आहे.

पदवीसाठी गुजरातमध्ये मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना. बारावीत ८० पर्सेंटाइल किंवा वर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत. अभियांत्रिकीला शिक्षण शुल्काच्या निम्मी किंवा ५०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. अर्ज बाद होतात ते बहुधा कागदांपायी: उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली, बँक खातं आधारशी न जोडलेलं, किंवा दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचं विसरलेलं. दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा. निकालानंतर कचेरीत रांग लागते.

कर्जासाठी पी.एम. विद्यालक्ष्मी. योजनेच्या यादीतल्या एखाद्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत मिळते. संस्था यादीत आहे का, हे प्रवेश फी भरण्याआधी बघा.

संशोधनासाठी नेट-जे.आर.एफ. ही संशोधन शिष्यवृत्तीची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालात तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे एस.आर.एफ. या वरच्या टप्प्याला ४२,०००. ते न मिळाल्यास गुजरात सरकारची ‘शोध’ नावाची पीएच.डी. शिष्यवृत्ती: महिना १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये वरखर्च, दोन वर्षांसाठी. पीएच.डी. दोन वर्षांत संपत नाही, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षाची सोय आधीच लावा. शिष्यवृत्तीचे हप्ते लांबतात. सहा महिन्यांचं भाडं आणि मेसचा खर्च हाताशी ठेवून सुरुवात करावी. हुशार पहिल्या पिढीची मुलं इथेच गळतात, आणि ती गळती कुठल्याच पाहणीत नीट दिसत नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं पेटंट घ्यायचं आहे. काय करायचं?

क्रम चुकवू नका.

पहिलं, गप्प राहा. यूट्यूबवर व्हिडिओ, टेक-फेस्टमधलं पोस्टर, कॉलेजच्या संकेतस्थळावरचा अहवाल, यांपैकी काहीही अर्जाआधी बाहेर गेलं तर नावीन्य संपतं. कायद्याच्या कलम ३१ मध्ये काही ठरावीक प्रसंगी १२ महिन्यांची सूट आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. सगळ्यात जास्त अर्ज इथेच मरतात.

दुसरं, असं पेटंट आधी कुणी घेतलंय का ते शोधा. पेटंट कार्यालयाच्या इनपास या विनामूल्य शोधयंत्रावर आणि गूगल पेटंट्सवर निदान चार-पाच वेगवेगळ्या शब्दांनी शोधा. आपल्या रचनेसारखं जवळचं पेटंट सापडलं तर ते वाचून आपला फरक एका वाक्यात लिहिता यायला हवा. नाही लिहिता आला, तर अजून अर्जाची वेळ झालेली नाही.

तिसरं, तात्पुरतं विवरणपत्र दाखल करा. अर्ज ऑनलाइन. गुजरात मुंबई पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतं. व्यक्ती, स्टार्टअप किंवा शिक्षणसंस्था म्हणून शुल्क १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. इथून १२ महिन्यांत पूर्ण विवरणपत्र द्यावं लागतं. एक दिवस उशीर झाला तरी अर्ज सोडून दिल्याचं धरतात. पूर्ण विवरणपत्र ३० पानं आणि १० दाव्यांपर्यंत असलं तर जादा शुल्क नाही.

चौथं, तपासणीची मागणी: ४,००० रुपये, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत. आधी ही मुदत ४८ महिने होती, मार्च २०२४ मध्ये कमी केली. जुन्या मार्गदर्शिका वाचून लोक फसतात. अर्जदारांत एखादी महिला असेल तर जलद तपासणीचाही पर्याय आहे. तपासणीचा पहिला अहवाल आला की ६ महिन्यांत उत्तर द्यायचं.

अर्ज १८ महिन्यांनी राजपत्रात प्रसिद्ध होतो. प्रसिद्ध होणं म्हणजे पेटंट मिळणं नव्हे. कॉलेजच्या फलकावर ‘पेटंट’ म्हणून मिरवलं जातं ते बरेचदा नुसतं प्रसिद्ध झालेलं असतं, किंवा आकाराच्या डिझाइनची नोंदणी असते. मिळालेल्या पेटंटात आणि यांत मोठा फरक आहे.

आणि नावं खरी घाला. ज्यांनी शोध लावला त्यांचीच नावं शोधक म्हणून. विभागप्रमुख म्हणून कुणाचं नाव चिकटवू नका आणि ज्या मुलीनं सर्किट जमवलं तिचं नाव गाळू नका. मालकी कॉलेजची की विद्यार्थ्यांची, हे प्रोजेक्ट सुरू होतानाच लेखी घ्या. नुसत्या संगणक प्रोग्रॅमला कलम ३(के) खाली पेटंट मिळत नाही. यंत्रावर त्याचा तांत्रिक परिणाम काय होतो, तो मांडावा लागतो.

कॉलेज निवडताना शोधाच्या दृष्टीनं काय पाहावं?

पॅकेजच्या जाहिराती बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष जाऊन या. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर धूळ आहे का ते पाहा. लॉगबुक मागा: शेवटची नोंद कधीची, आणि ती विद्यार्थ्यांची की फक्त तपासणी समिती आली त्या दिवसाची? कार्यशाळा संध्याकाळी पाचनंतर उघडी असते का? मागच्या तीन वर्षांतले किती प्रोजेक्ट एखाद्या कारखान्याच्या खऱ्या अडचणीवर होते, ते नावानिशी विचारा. मकरपुऱ्यातली एर्डा ही विद्युत उपकरणं तपासणारी संस्था १९७४ पासून इथेच आहे, तरी कित्येक मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि तिच्या आत पाऊल टाकत नाहीत. कॉलेज अशा ठिकाणी मुलांना नेतं का, हे विचारा.

शिक्षकांत पीएच.डी. किती हे सांगतीलच. त्याऐवजी विचारा, सध्या कुणाकडे चालू अनुदान आहे आणि त्यातून किती विद्यार्थ्यांना काम मिळतंय. २०१७ पासून गुजरातमध्ये विद्यार्थी स्टार्टअप धोरणाखाली नमुना यंत्र बनवायला अनुदान मिळतं. त्या कॉलेजनं ते कुणाला दिलं, कधी दिलं, त्या मुलांशी बोलता येईल का? तिथे ‘नंतर सांगतो’ म्हणाले, तर त्याच आवारात शेवटच्या वर्षाची मुलं कॅन्टीनमध्ये बसलेली असतात. त्यांना विचारा.